जोगव्याचं पीठ

"काकू, अजून जरा आत घे ना."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी लगेच काही बोलले नाही. केतकी आरशासमोर हात पसरून उभी होती. अंगात हिरवं ब्लाउज होतं, कारण त्या शुक्रवारचा रंग हिरवा होता, आणि खुर्चीवर तिनं आत्ताच काढलेला स्वेटर पडला होता. बार्शीतला ऑक्टोबर म्हणजे अंगाची लाही लाही. मी पदरानं घाम पुसत होते आणि या पोरीला थंडी वाजत होती.

"अगं बये, अजून आत घेतलं तर पुढची शिवण मागच्या शिवणीला भेटेल," मी टाचण्या काढून म्हटलं. "घट बसले तेव्हाच एकदा आत घेतलंय मी हे. अजून किती?"

"पण सैल होतंय की."

हे ती इतक्या आनंदानं म्हणाली की मी टाचण्या खाली ठेवल्या आणि टेप उचलली.

केतकी माझ्या मोठ्या जावेची मुलगी, एकुलती एक. तेव्हा अकरावीत होती. आमची घरं शेजारीशेजारी, मध्ये एक भिंत. मी पुढच्या खोलीत मशिन टाकून बायकांची ब्लाउज शिवायचे, अजूनही शिवते. या पोरीचं झबलंसुद्धा मीच शिवलेलं. तिचं अंग माझ्या हाताला ठाऊक होतं. म्हणून सांगते, त्या दिवशी टेप तिच्या दंडाभोवती फिरवली आणि मला वाटलं, आपण चुकून काठी मोजतोय. दंडावर बारीक लव आली होती, पूर्वी कधी नव्हती तशी.

"आज काय खाल्लंस?"

"काकू! उपवास आहे ना माझा."

"मग? उपवासाला भगर आहे, साबुदाणा आहे, रताळं आहे. देवीनं काय कमी ठेवलंय का?"

"साबुदाण्यात किती कॅलरी असतात माहितीये का तुला?"

"मला नाही बाई माहीत. आणि देवीलाही माहीत नसणार, म्हणून तर चालवून घेते ती."

ती हसली. हसता हसता एकदम तिनं मशिनचं टेबल धरलं, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. मी तिला धरलं. बोटं गार पडली होती.

"काही नाही गं, उठताना होतं कधी कधी," ती म्हणाली. पण ती उठली कुठं होती? ती तर उभीच होती.

आता हे कॅलरीचं कुठून आलं ते सांगते. आमच्याकडे सगळे तिला लाडू म्हणायचे. तिचे बाबा, म्हणजे आमचे दादा, एसटीत ड्रायव्हर. ड्यूटीवरून आले की दारातूनच हाक, "लाडू कुठाय आमचा?" लहानपणी ती धावत यायची. पुढे पुढे यायची, पण तोंड पाडून. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून दादांनी तिला फोन घेऊन दिला, आणि त्या फोनमध्ये तिनं ते कॅलरीचं ॲप घेतलं. जे खाशील ते त्यात लिहायचं. दिवसाचा एक आकडा ठरलेला, त्याच्या आत राहिलं की हिरवं, ओलांडलं की लाल. पहिले काही महिने आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. पोरगी तेलकट खात नाही, बाहेरचं खात नाही, किती शहाणी! मग तो ठरलेला आकडा ती स्वतःच खाली आणत गेली. शेवटी तो कुठवर आला होता ते मला अजून पाठ आहे, पण मी कुणाला सांगत नाही. असले आकडे ऐकले की ते काही पोरींच्या डोक्यात घर करतात, हे मला नंतर कळलं.

ताईंनी, म्हणजे माझ्या जावेनं, सोनं मोजायला असतो तसला छोटा काटा तिला आणून दिला होता. कॉलेजच्या प्रयोगाला हवाय, असं केतकी म्हणाली होती. त्या काट्यावर ती पेरूची फोड ठेवायची. एकदा मी बघितलं, फोड ठेवली, आकडा बघितला, सुरीनं कोपरा उडवला, परत ठेवली. पाच-सहा वेळा असं करून ती फोड खाल्लीच नाही.

आणि मग नवरात्र आलं. केतकीनं आईला सांगितलं, मी देवीला बोललेय, नऊ दिवस नुसतं लिंबूपाणी आणि एखादं फळ. झालं! ताईंना आभाळ ठेंगणं झालं. आमच्या घरात घट बसतात, नंदादीप असतो, तुळजापूरची देवी आमचं कुलदैवत. आजकालच्या पोरी कुठं असलं करतात? गल्लीतल्या बायका आरतीला येऊन केतकीकडे बघायच्या. चेहरा कसा सुकलाय पण तेज बघा, असं म्हणायच्या. पलीकडच्या घाटेबाई तर एक दिवस चक्क तिच्या पाया पडल्या. मला तेज बिज काही दिसत नव्हतं. मला गालाची हाडं दिसत होती आणि भीती वाटत होती.

ब्लाउजचा प्रकार झाला त्याच दुपारी मी ताईंकडे गेले. त्या घटापाशी वाती वळत बसल्या होत्या.

"ताई, केतकीचा उपवास सोडवा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घटच हलवा म्हटलं होतं.

"वैजू, काय बोलतेस तू? देवीसमोर बसून?"

"पोरीला चक्कर आली माझ्याकडे. विंचरायला बसवलं की फणीत केसांचा पुंजका येतो. स्वेटर घालून फिरतीय या उकाड्यात. आणि ताई, रागावू नका, हे नवरात्रातलं नाही. पावसाळ्याच्या आधीपासून चाललंय. तिची पाळीसुद्धा..."

"पुरे," त्या म्हणाल्या. "पोरगी देवीचं करतीय. तुला दोन्ही मुलगेच, तुला मुलींचं काय कळतंय? या वयात सगळ्याच बारीक होतात."

मी उठून आले. थोरल्या जावेपुढे आमच्यात कुणी फार बोलत नाही. पण घरी आल्यावर मशिनवर बसले तर पाय चालेना. सुई कापडात तशीच रुतून होती आणि मला एकच दिसत होतं, तिनं टेबल धरून मिटलेले डोळे. ही पोर आपल्या डोळ्यांदेखत जाणार, असं मला त्या दुपारी अगदी स्पष्ट वाटलं. आणि सगळे तिच्या पाया पडत राहणार.

संध्याकाळी जोगवा होता. आमच्याकडे नवरात्रातल्या शुक्रवारी घरची बाई परडी घेऊन पाच घरी जाते, "अंबाबाईचा जोगवा" म्हणून हाक देते, आणि प्रत्येक घरची बाई हळदकुंकू लावून परडीत मूठभर पीठ घालते. कुणी ज्वारीचं, कुणी बाजरीचं, कुणी गव्हाचं, जे हाताला येईल ते. त्या सगळ्या पिठांची मिळून एकच भाकरी थापायची. आणि उपवास कितीही कडक असो, त्या दिवशी त्या भाकरीचा घास उपवासवालीनं खायचाच. ते अन्न नाही, तो देवीचा प्रसाद. त्यानं उपवास मोडत नाही. ही आमच्या घरची रीत, सासूबाईंपासूनची.

मी मनात म्हटलं, चला, निदान भाकरीचे चार घास तरी पोटात जातील.

ताई परडी घेऊन पुढे, केतकी त्यांच्या शेजारी, मी मागे. दुसऱ्या घराच्या पायरीवर केतकी थांबली. श्वास लागला होता. घाटेबाईंनी ओंजळभर पीठ आणलं आणि परडीत सोडलं. केतकी त्या पिठाकडे टक लावून बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"बघा, नाव घेतीय देवीचं," घाटेबाई सुनेला हळूच म्हणाल्या. "अशी भक्ती पाहिजे."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या घरीही तेच. पीठ पडलं की ओठ हलायचे, आणि परत पहिल्यापासून हलायचे. मलाही क्षणभर वाटलं, नाव घेतीय. मग चौथ्या घरी गर्दी होती म्हणून मी तिला चिकटून उभी राहिले, आणि मला ऐकू आलं.

ती आकडे म्हणत होती. ज्वारीची मूठ इतकी, बाजरीची मूठ इतकी, ही ओंजळ मोठी होती म्हणून अजून इतके. मग सगळ्यांची बेरीज. बेरीज चुकली की परत पहिल्या घरापासून. चेहऱ्यावर भक्ती नव्हती हो. खड्ड्याच्या काठावर उभं केल्यासारखा चेहरा होता तिचा.

मी तिचं मनगट धरलं तर ती दचकली आणि म्हणाली, "काकू, मध्ये बोलू नको, विसरेन मी."

घरी आलो. ताईंनी परातीत पाचही घरचं पीठ एकत्र केलं. केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई, ते पीठ जरा काट्यावर ठेवू? एकदाच."

"देवीच्या पिठाला काटा?" ताई हसल्या. "वेडी का काय तू!"

"मग आता त्यात पाणी नको घालू. थांब ना. आई, थांब ना!"

पण ताईंनी पाणी घातलं, मळलं, भाकरी थापली. तव्यावर टाकली, फुगवली, घटासमोर ठेवून नैवेद्य दाखवला. नंदादीप तेवत होता. ताईंनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि केतकीच्या हातात दिला.

ती बघतच राहिली. लोण्याचा गोळा वितळून तिच्या बोटांवर आला, तसा तिनं हात झटकला. तुकडा खाली पडला.

"केतकी!" ताई ओरडल्या. "प्रसाद आहे तो!"

"मला नको."

"नको कसा? घास घे. देवीचा अपमान होतो."

"यात किती काय आहे मला माहीत नाही आई! सगळं मिसळलंय. मला नाही मोजता येत."

"मोजायचं काय त्यात? तोंड उघड."

ताईंनी दुसरा तुकडा मोडून तिच्या ओठांना लावला. एका हातानं तिची हनुवटी धरली. आम्ही सगळ्यांनीच लेकरांना असं भरवलंय, त्यांचं काय चुकलं? पण केतकीच्या घशातून जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. कोंडलेल्या मांजरीसारखा. मी ताईंचा हात धरून मागे ओढला. थोरल्या जावेचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा धरला.

"सोडा तिला, ताई. घाबरलीय ती. भाकरीला घाबरलीय."

"भाकरीला कुणी घाबरतं का? नऊ दिवस देवीचं व्रत करणारी पोर..."

"मी देवीला काही बोललेच नाही गं आई."

केतकी भिंतीला टेकून खाली बसली होती. आवाज अगदी बारीक होता.

"बोललेच नाही. उपवास म्हटलं की कुणी खायला सांगत नाही, म्हणून म्हटलं. आधी मला वाटायचं, थोडं बारीक झालं की थांबेन. आता थांबताच येत नाही. तेवढंही खाल्लं तरी लाल होतं."

"दे तो फोन इकडं," ताई म्हणाल्या. त्यांनी हात पुढं केला. "विहिरीत टाकते तो."

"टाक. फोन आता लागतच नाही मला." तिनं आपल्या कपाळावर बोट टेकवलं. "इथं चालू असतं. झोपेतसुद्धा. आई, मला भीती वाटतीय."

एवढं बोलून ती उठायला गेली, आणि जागच्या जागी कोसळली. घटापासून हातभर अंतरावर. डोकं आपटल्याचा आवाज झाला.

मी तिच्या छातीवर हात ठेवला. ठोका लागेना. मग लागला, पण इतका सावकाश की पुढचा येईपर्यंत माझाच जीव जाईल असं वाटलं. मी भिंतीवर मूठ आपटून आमच्या ह्यांना हाक मारली. त्यांची तीनचाकी बाहेरच उभी होती. दादा मुक्कामाच्या गाडीवर गेलेले. ह्यांनी पोरीला उचललं आणि त्यांचं तोंड उतरलं. "अगं, वजनच नाही हिला," एवढंच म्हणाले.

घट बसलेलं घर नऊ दिवस सुनं ठेवायचं नसतं. नंदादीपापाशी कुणीतरी पाहिजेच. सासूबाई वारल्या त्या वर्षीसुद्धा ताईंनी तो दिवा एकटा सोडला नव्हता. म्हणून मी म्हटलं, "ताई, तुम्ही व्हा पुढं. मी थांबते दिव्यापाशी."

ताईंनी दिव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तू कुठं थांबतेस?" त्या म्हणाल्या. "मला काय माहितीये तिचं? डॉक्टरांनी विचारलं तर तूच सांगणार. चल."

"आणि दिवा?"

"राहू दे. देवीचं देवी बघेल."

दार उघडं टाकून आम्ही निघालो. रिक्षात केतकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय ताईंच्या. ताई तिचे तळवे घासत होत्या आणि सारखं एकच म्हणत होत्या, "लाडू म्हणायला नको होतं गं. लाडू म्हणायला नको होतं."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, हृदयाचा कागद काढला, रक्त घेतलं. कपाळाला दोन टाके पडले. ताई म्हणाल्या, "आता सलाईन लावा आणि काहीतरी पोटभर खायला घालू का हिला?"

"तसं मुळीच करू नका," बाई म्हणाल्या. "इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम खायला घातलं तर तेही जिवावर बेततं. आम्ही हळूहळू देऊ, रक्त तपासत तपासत. उद्या सोलापूरला हलवू. तिथं मनाचे डॉक्टरही बघतील."

"मनाचे कशाला? हट्टी आहे थोडी, एवढंच."

"हा हट्ट नाही. आजार आहे. ॲपमुळं सगळ्यांना होतो असं नाही, पुष्कळ लोक मोजतात आणि सोडून देतात. पण ज्याच्या मनात ही भीती आधीच दबा धरून बसलेली असते, त्याच्या हातात असला आकडा गेला की भीतीला धार येते. कधीपासून चाललंय?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगत गेले. केस, पाळी, स्वेटर, पेरूची फोड, सगळं. ताई खाली मान घालून ऐकत होत्या. माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

सकाळी मी कपडे न्यायला घरी आले. दिवा विझला होता. मी तो लावायला गेले नाही, माझं मन होईना. दुपारी ताई आल्या, काडी ओढली, दिवा लावला, पिशवी उचलली आणि सोलापूरला गेल्या.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते आमचं आम्हाला माहीत. बरी झाली म्हणता म्हणता ती परत घसरली, परत दवाखाना, परत पहिल्यापासून. दादा तिला केतकी म्हणायला शिकले. तो काटा मी स्वतः दगडानं फोडला. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वजन असो, माप असो, कसलाही आकडा हिच्या कानावर घालू नका. आता मी शिवणारी बाई, टेपशिवाय काय करणार? मग मी एक साधी सुताची दोरी घेतली. छातीला एक गाठ, कमरेला एक गाठ. दोरीवर आकडे नसतात. तिची दोरी मशिनच्या खणात वेगळी ठेवलेली असते.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. केतकी पुण्याला शाळेत शिकवते, तिला एक मुलगीही आहे. गेल्या नवरात्रात आली होती. ब्लाउज शिवायचं म्हणून माझ्यापुढे उभी राहिली. मी विचारलं, "टेपनं घेऊ का गं आता?"

तिनं टेपकडे बघितलं. "नको काकू. दोरीनंच घे."

संध्याकाळी जोगवा झाला. ताईंचे गुडघे गेलेत, म्हणून परडी मीच फिरवली. पाचही घरचं पीठ मळून भाकरी केली, तुकडा मोडून केतकीच्या ताटात ठेवला. लोणी वेगळ्या वाटीत ठेवलं, तिचं ती घेईल म्हणून. तिची मुलगी शेजारी बसून भाकरी कुरतडत होती. केतकी आपल्या तुकड्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलले.

पलीकडे ताईंचा हात घासासकट थांबला. आम्ही दोघी म्हाताऱ्या तिच्या ओठांकडे बघत राहिलो.

केतकीनं मान वर केली. आम्हाला बघितलं आणि तिला कळलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मोजत नाहीये, काकू," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "आज नाही मोजत."

तिनं बोटाच्या टोकाला जरासं लोणी घेतलं, भाकरीला लावलं आणि घास तोंडात घातला. तो तिच्या घशाखाली उतरेपर्यंत आम्ही दोघींनी आपल्या ताटाला हात लावला नाही.